शेतीच्या नित्यकामांतून राखणीच्या कुत्र्याचे शिक्षण : एक विवेचन

श्वानप्रशिक्षण म्हटले की पोलीस श्वानपथकाचे मैदान आणि आज्ञापालनाचे पाठ डोळ्यांसमोर येतात. शेतकऱ्याच्या किंवा मेंढपाळाच्या कुत्र्याला असे मैदान लाभत नाही. त्याचे शिक्षण रोजच्या कामातच होते. परभणी-पूर्णा लोहमार्गावरील पिंगळीसारख्या गावाच्या शेतआखाड्यावर शेळ्या सोडणे, पाण्यावर नेणे आणि सांजेला परत आणणे ही कामे रोज त्याच क्रमाने घडतात. पिल्लाच्या दृष्टीने हाच अभ्यासक्रम होय.

प्रथम एक भेद लक्षात घेणे आवश्यक आहे. ब्रिटनमधील कोली जातीची कुत्री कळप हाकण्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या निवडली गेली. वेल्समधील बाला येथे १८७३ मध्ये त्यांच्या स्पर्धाही झाल्या. महाराष्ट्रात धनगरांच्या वाड्याबरोबर चालणारा कुत्रा मात्र प्रामुख्याने राखणदार आहे. लांडग्याची चाहूल घेणे, रात्री वाघुरीभोवती जागे राहणे हे त्याचे खरे काम. खंडोबाचे उपासक स्वतःला देवाचे कुत्रे मानून ‘वाघ्या’ म्हणवितात, त्यामागेही राखणदाराची हीच निष्ठा असावी. अशा कुत्र्याकडून कोलीच्या कसबाची अपेक्षा करणे अन्यायाचे ठरेल. त्याला शिकवायचे ते मुख्यतः काय करू नये हेच.

हाकणे आणि शिकार करणे यांचे मूळ एकच आहे. रोखून पाहणे, दबकत जाणे, पाठलाग, चावा असा शिकारीचा क्रम असतो; कोलीमध्ये निवडीने त्याचा शेवटचा भाग क्षीण झाला आहे. गावठी पिल्लाबाबत तशी खात्री देता येत नाही. करडू पळाले की पिल्लू धावते, आणि धावण्यातच त्याला आनंद मिळत असल्याने खोड पक्की होते. म्हणून एकदाही पाठलाग साधू न देणे हे नंतरच्या शिक्षेपेक्षा अधिक मोलाचे. घटनेनंतर दिलेल्या माराचा संबंध पिल्लाला आधीच्या पाठलागाशी जोडता येत नाही. ते फक्त मालकाला भिऊ लागते.

स्कॉट व फुलर यांनी १९६५ च्या ग्रंथात पिल्लाच्या सामाजिक जडणघडणीचा काळ साधारण तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यापर्यंतचा सांगितला आहे. या काळात पिल्लू शेळ्यांच्या वासात व आवाजात वाढले, तर ती त्याला आपली वाटतात. मात्र लहान करडांसोबत त्याला एकटे सोडू नये.

पुढे कामे सुरू होतात. सकाळी गोठ्याच्या दाराशी पिल्लाला कासऱ्याने धरून बसवावे आणि ते शांत झाल्यावरच दार उघडावे. शेळ्यांबरोबर निघणे हेच त्याचे बक्षीस. वेगळा तुकडा देण्याची गरज सहसा पडत नाही. हौदावर शेळ्या दाटीने उभ्या असताना त्यांच्यात न घुसता बाजूस थांबण्याची सवय लागते. तूर किंवा हरभरा उभा असेल तेव्हा शेतकऱ्याने पिल्लाला घेऊन बांधाच्या पिकाकडील कडेने चालावे. प्रत्येक जनावराचे बुजण्याचे एक अंतर असते. कुत्रा त्या अंतराच्या आत आला की शेळी वळते, मागे सरला की थांबते. भुंकण्यावाचून शेळी वळते हे पिल्लाच्या ध्यानात आले की निम्मे काम झाले! ‘थांब’ हा एकच शब्द घरातील सर्वांनी एकाच सुरात वापरावा. एकाने ‘थांब’ व दुसऱ्याने ‘बस’ म्हटल्यास दोष पिल्लाचा नसतो. सांजेचा परतीचा फेरा नवशिक्यासाठी सर्वांत सोपा, कारण शेळ्या घराच्या ओढीने स्वतःच चालतात.

आरोग्याची बाजू उपेक्षू नये. तिसऱ्या महिन्यात रेबीजची लस आणि पुढे पशुवैद्याच्या सल्ल्याने पुनर्लसीकरण अनिवार्य आहे. कापलेल्या जनावराचे पाण्याच्या गाठी असलेले काळीज वा फुप्फुस कुत्र्याला कच्चे घातल्यास त्याच्या पोटात फीतकृमी वाढतात व त्यांची अंडी माणसापर्यंत पोहोचतात.

सहा ते आठ महिन्यांच्या वयात चांगले वागणारे पिल्लूही अचानक पाठलाग करू लागते. वयात येणाऱ्या कुत्र्यात हे स्वाभाविक आहे, पण अनेक कुत्री याच टप्प्यावर ‘वाया गेली’ म्हणून हाकलली जातात. हाकललेला कुत्रा दुसऱ्याच्या कळपावर पडतो. त्याऐवजी काही आठवडे पुन्हा कासरा बांधून दाराच्या पाठापासून आरंभ करावा. तरीही खोड न गेल्यास त्याला कळपापासून दूर, आखाड्यावरील कडब्याच्या गंजीच्या राखणीस बांधावे.