साडेसात मैल आणि साडेसात सेंटिमीटर

एक डोळा मिटून सुईत दोरा ओवून पाहा. दोऱ्याचे टोक कधी नेढ्याच्या अलीकडे, कधी पलीकडे. दोन्ही डोळे उघडले की जमते. आपल्या डोळ्यांत सुमारे सहा सेंटिमीटरचे अंतर असते; प्रत्येकाला वस्तू जराशा वेगळ्या कोनातून दिसते आणि त्या फरकावरून मेंदू अंतर ठरवतो. साधा कॅमेरा मात्र एकाक्ष! समोर माणूस आहे की माणसाचा फोटो, हे त्याला सहसा उमगत नाही. खोली मोजणाऱ्या कॅमेऱ्याला ते कळते. (खोली म्हणजे घरातली नव्हे, पुढे-मागेपणाची!)

हेच गणित भारतात भव्य प्रमाणावर मांडले गेले ते चेन्नईत, म्हणजे तेव्हाच्या मद्रासमध्ये. 10 एप्रिल 1802 रोजी विल्यम लॅम्ब्टन यांनी सेंट थॉमस माउंटजवळ जमिनीवर एक पायारेषा मोजायला घेतली. साधन म्हणजे शंभर फुटी पोलादी साखळी. उन्हाने पोलाद लांबते म्हणून ती लाकडी पेट्यांत ठेवायची आणि शेजारी तापमापक. साडेसात मैलांना 57 दिवस लागले. इतका काटेकोरपणा कशासाठी? त्रिकोणाची एक बाजू आणि तिच्या टोकांचे दोन कोन कळले, की उरलेल्या बाजू घरबसल्या निघतात. पण पहिली बाजू चुकली की पुढचे सारेच चुकते. याच त्रिकोणांची साखळी पुढे हिमालयापर्यंत पोचली. ते पाहायला लॅम्ब्टन राहिले नाहीत. मोजणी उत्तरेकडे नेत असताना 1823 मध्ये आपल्या वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाट येथे त्यांचे निधन झाले.

आता 2010 सालचा 'किनेक्ट' पाहा. टीव्हीसमोर हातपाय हलवून खेळण्यासाठी मायक्रोसॉफ्टने आणलेला हा कॅमेरा. त्याची पायारेषा सुमारे साडेसात सेंटिमीटर! एका टोकाला अवरक्त लेसर, दुसऱ्या टोकाला अवरक्त कॅमेरा. लेसर समोर हजारो अदृश्य ठिपके शिंपडतो. ठिपका अपेक्षित जागेपासून किती सरकला, यावरून त्या बिंदूचे अंतर निघते, तेही सेकंदाला 30 वेळा. खेळणाऱ्याने साधारण 1.2 ते 3.5 मीटरवर उभे राहायचे. भर उन्हात मात्र ठिपके पुसले जातात, कारण सूर्यप्रकाशातही अवरक्त किरण असतातच.

2013 च्या किनेक्टने त्रिकोण सोडून वेळ मोजली. प्रकाश जाऊन परत यायला किती वेळ लागला, त्यावरून अंतर. प्रकाश सेकंदाच्या शंभर कोटीव्या भागात 30 सेंटिमीटर जातो; तेव्हा हे घड्याळ किती बारीक हवे, विचार करा. 2017 मध्ये खेळातला किनेक्ट बंद झाला, पण त्याच वर्षी ठिपक्यांची युक्ती आयफोनमध्ये शिरली. चेहरा ओळखताना तो 30,000 हून अधिक ठिपके टाकतो. गंमत म्हणजे सेंट थॉमस माउंटच्या पश्चिमेला, श्रीपेरुंबुदूरच्या कारखान्यात आयफोनची जुळणी होते.

असा कॅमेरा घेताना केवळ मेगापिक्सेल पाहून भागत नाही. पायारेषा किती, पल्ला किती, उन्हात चालतो का, हे विचारावे. त्रिकोणाच्या पद्धतीत अंतर दुप्पट झाले की चूक साधारण चौपट होते. म्हणून इंटेलच्या डी-435 मध्ये दोन डोळ्यांत 5 सेंटिमीटर, तर लांबचे पाहणाऱ्या डी-455 मध्ये 9.5 सेंटिमीटर अंतर ठेवले आहे. आणि फोनचे चेहरा-कुलूप साध्या पुढच्या कॅमेऱ्यावर चालत असेल, तर बँकेच्या व्यवहारांना अंकी संकेतच ठेवा. अशी काही कुलपे छापील फोटोनेही उघडतात.