गोड आवाजाचा व्हॉल्व्ह निवडताना

कोरेगाव भीमाहून आम्ही बोलतोय. आजचा विषय जरा वेगळा आहे. जुन्या तबकड्या वाजवताना जो व्हॉल्व्ह लागतो, तो आवाज गोड यावा म्हणून कसा निवडायचा, ते आज आपण पाहू. दुकानात एका दादांनी आम्हाला विचारलं होतं, "ताई, हा काय बायकांचा विषय?" आम्ही त्यांच्याशी वाद घातला नाही. व्हॉल्व्ह मात्र नीट शिकून घेतला.

सुरुवात झाली ती आमच्या गल्लीतल्या आजींच्या पत्र्याच्या पेटीपासून. पेटीत वीसेक तबकड्या निघाल्या. गीतरामायणाच्या दोन एलपी, काही लावण्यांच्या, एक नाट्यगीताची जुनी लाखेची, आणि भीमगीतांची एक छोटी तबकडी, ४५ फेऱ्यांची. या छोटीचं पाकीट हरवलंय आणि मधल्या गोल कागदावरची अक्षरं पुसली गेलीत. ती आजोबांनी आणलेली. दर १ जानेवारीला नदीपलीकडे पेरण्याच्या जयस्तंभाला जाऊन आलं की घरात ती लागायची. पुढे आजोबा गेले, यंत्र बिघडलं, आणि तबकडी पेटीत गेली. आता नातीला ती गाणी शिकायची आहेत आणि आजींना शेवटची कडवी आठवत नाहीत. तिची दुसरी प्रत कुठे मिळेल, सांगता येत नाही. म्हणून हे यंत्र नीट वाजणं ही आमची नुसती हौस नव्हती.

तबकड्या वाजवायचं यंत्र आम्ही पुण्याच्या मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारातून आणलं. व्हॉल्व्हचा प्रीअँप एका कारागिराने बनवून दिला. पहिल्या दिवशी सगळ्या जमलो, तबकडी लावली आणि हिरमुसलो. 'स', 'श', 'च' आले की आवाज फुसकारायचा. शब्द कानाला टोचायचे. आजी म्हणाल्या, "हे गाणं असं नव्हतं गं. आवाज कसा भरलेला होता." ज्याला विचारावं तो एकच सांगायचा, की व्हॉल्व्ह बदला, जुना इंग्लिश मिळाला तर बघा, आवाज उबदार होईल. किंमत ऐकली आणि थांबलो. म्हटलं, पैसे घालायच्या आधी हे उबदार म्हणजे नेमकं काय, ते समजून घेऊ.

आधी प्रीअँप कशाला लागतो ते सांगतो. तबकडीच्या खाचेतून सुई फिरते तेव्हा ती थरथरते. आजकालच्या कार्ट्रिजमध्ये त्या थरथरीने छोटं लोहचुंबक हलतं आणि शेजारच्या तारेच्या वेटोळ्यात वीज तयार होते. ही वीज किती? साधारण ५ मिलीव्होल्ट. घड्याळातला सेल दीड व्होल्टचा असतो, त्याचा तीनशेवा भाग. एवढ्याशा विजेवर स्पीकर बोलत नाही. ती शंभरेक पट वाढवायचं काम प्रीअँप करतो.

त्याचं दुसरं कामही तेवढंच महत्त्वाचं आहे. तबकडी कापताना ढोलकीसारखे खर्जातले आवाज मुद्दाम दाबलेले असतात, नाहीतर खाच इतकी रुंद होईल की तबकडीवर गाणं मावणार नाही. उलट बारीक, वरचे आवाज मुद्दाम वाढवलेले असतात. वाजवताना हे सगळं पुन्हा सरळ करावं लागतं. वरचे आवाज खाली आणले की त्यांच्याबरोबर तबकडीची खरखरही दबते. हे दाबणं-वाढवणं किती करायचं, याचा नियम १९५४ साली अमेरिकेत ठरला आणि पुढे जगभर चालू झाला. त्याला आरआयएए म्हणतात. दोन्ही टोकांना हा फरक जवळजवळ दहापट असतो. त्यामुळे प्रीअँपचं गणित थोडं जरी चुकलं, तरी आवाज टोचरा किंवा घुमा होतो. त्याआधीच्या लाखेच्या तबकड्यांना कंपनीगणिक वेगळं माप होतं, हेही लक्षात ठेवा.

आता व्हॉल्व्ह. काचेच्या नळीतली हवा काढून टाकलेली असते. मधोमध तापणारी तार, तिच्याभोवती बारीक जाळी, आणि बाहेर पत्रा. तार तापली की तिच्याभोवतीच्या नळीतून विजेचे कण सुटतात आणि पत्र्याकडे धावतात. वाटेतल्या जाळीवर सुईकडून आलेली इवलीशी वीज दिली की त्या धावण्याला कमी-जास्त आवर बसतो. पाटाला मोठं पाणी असतं आणि बारं धरणारी बाई नुसतं फावडं हलवते, तसंच हे. आमच्या प्रीअँपमध्ये ईसीसी८३ जातीचे दोन व्हॉल्व्ह आहेत. अमेरिकन नाव १२एएक्स७. एका काचेत दोन व्हॉल्व्ह असतात आणि त्याचा वाढवण्याचा आकडा १०० आहे.

मग हा उबदारपणा येतो कुठून? आजींच्या आठवणीतला आवाज आधी घेऊ. १९५५ साली आकाशवाणी पुणे केंद्रावरून गीतरामायण सुरू झालं, दर आठवड्याला एक गाणं, अशी ५६ गाणी. तेव्हा घराघरांतले रेडिओ व्हॉल्व्हचेच होते. बटण फिरवल्यावर रेडिओ तापायची वाट बघावी लागायची. पण त्या गोडव्याचं सगळं श्रेय व्हॉल्व्हला देऊ नका. मीडियम वेव्हवर फार वरचे बारीक आवाज येतच नसत. शिवाय लाकडी खोकं आणि मोठा स्पीकर खर्जाला भरीव करत. म्हणजे टोचणारं फारसं आत येतच नव्हतं.

व्हॉल्व्हचा स्वतःचा वाटा असा. कोणतंही यंत्र मूळ सुरात थोडी आपली भर घालतं. ट्रायोड जातीचा व्हॉल्व्ह मुख्यतः दुप्पट कंपनाचा सूर मिसळतो. गाणाऱ्या मैत्रिणींना लगेच कळेल, षड्जाच्या दुप्पट म्हणजे तार षड्ज. तोच सूर, वरच्या सप्तकातला. म्हणून ती भर कानाला खुपत नाही, आवाज भरल्यासारखा वाटतो. पण प्रीअँपमधली वीज इतकी थोडी असते की ही भर फार कमी पडते. मोठ्या अँप्लिफायरमध्ये ती जास्त. त्यामुळे इथे नुसता व्हॉल्व्ह बदलून कर्कश आवाजाचं लोणी होईल, असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

आम्ही सुईपासून सुरुवात केली, आणि तुम्हीही तिथूनच करा. हिऱ्याची सुई साधारण ५०० ते १००० तास चालते. जुन्या बाजारातल्या यंत्राची सुई किती तास फिरली, कोणाला माहीत? झिजलेल्या सुईला धार येते. ती 'स', 'श' नीट वाचत तर नाहीच, वर प्रत्येक वेळी खाच थोडी खरवडते. खरवडलेलं परत येत नाही. आम्ही आजींच्या तबकडीवर चार वेळा तीच सुई फिरवली होती, त्याचं अजून वाईट वाटतं. नवी सुई बसवली, कंपनीने सांगितलेलं वजन लावलं, तबकडी ब्रशने पुसली, आणि अर्ध्याहून जास्त फुसकार गेली. आणि एक, लाखेच्या तबकडीची खाच रुंद असते. तिला वेगळी, जाड टोकाची सुई लागते. एलपीची सुई तिथे तळाशी खडखडते.

दुसरं बघितलं ते वायरीचं. ईसीसी८३ च्या जाळी आणि पत्रा यांच्यात दीड-पावणेदोन पिकोफॅरड धारिता असते. अगदी नगण्य. पण व्हॉल्व्ह साठपट वाढवत असेल तर कार्ट्रिजला ती साठपट जाणवते, म्हणजे शंभरच्या आसपास. त्यात वायरीची भर पडते. ही बेरीज कार्ट्रिजला मानवते त्यापेक्षा जास्त झाली की बारीक आवाजाला मध्येच उंचवटा येतो आणि तोच टोचतो. किती चालते ते कार्ट्रिजच्या कागदावर लिहिलेलं असतं. आमची वायर लांबलचक होती. कारागीर दादांनी आखूड, चांगली वायर लावून दिली. आवाज आणखी निवळला.

व्हॉल्व्हचा नंबर लागला तो तिसरा. बाजारात काय मिळतं ते थोडक्यात सांगतो. जुन्यांमध्ये इंग्लंडच्या ब्लॅकबर्नला बनलेला मुलार्ड मऊ, मधल्या सुरांत भरलेला म्हणून नावाजला जातो. जर्मन टेलिफुंकन स्वच्छ, उघड्या आवाजाचा मानतात. त्याच्या काचेच्या तळाला, पिनांच्या मधे, हिऱ्यासारखी चौकोनी खूण असते. आपल्याकडे बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सनेही व्हॉल्व्ह बनवले. बीईएलचा शिक्का असलेले जुने व्हॉल्व्ह रेडिओ दुरुस्त करणाऱ्यांच्या डब्यांत सापडतात. नव्यांत स्लोव्हाकियाचे जेजे, तसेच रशियन आणि चिनी आहेत. मुलार्ड नावाचे नवे व्हॉल्व्हही मिळतात, पण ते रशियात बनतात. नाव तेच, कारखाना वेगळा. काचेवरचा शिक्का पुसून दुसरा मारणारेही असतात. म्हणून परत घ्यायची तयारी असेल अशाच माणसाकडून घ्या.

काही व्हॉल्व्ह त्याच खाचेत बसतात पण तिथले नसतात. ईसीसी८२ च्या पिना ईसीसी८३ सारख्याच आहेत, पण त्याचा वाढवण्याचा आकडा वीसच्या आत आहे. "हा जास्त मऊ आहे" म्हणून तो टाकला तर आवाज बसतो आणि आरआयएएचं गणितही बिघडू शकतं. ५७५१ चा आकडा ७० आहे. तो बऱ्याच ठिकाणी चालतो, आवाज किंचित कमी येतो, तरी बनवणाऱ्याला विचारूनच घाला. ई८८सीसी मात्र ईसीसी८३ च्या जागी कधीच घालू नका. त्याची जोडणी वेगळी आहे.

पारखायचं कसं? आधी तबकडी न लावता आवाज वाढवा. सूं किंवा चरचर जास्त आली तर तो व्हॉल्व्ह पहिल्या जागी नको, तिथली कुरकुर पुढे सगळीकडे वाढत जाते. मग पेन्सिलीच्या रबराने काचेवर हलकी टिचकी मारा. स्पीकरमधून घंटेसारखं वाजलं तर तो व्हॉल्व्ह हादरे पकडतो. आमच्याकडे नगर रस्त्यावरून ट्रक जातात, त्यामुळे ही चाचणी आम्हाला फार उपयोगी पडली. व्हॉल्व्ह अर्धा तास तापू द्या, मगच मत बनवा.

आणि ऐकताना नाव लपवा. एकीने व्हॉल्व्ह बदलायचा, बाकीच्यांनी पाठ करून बसायचं. आम्ही नवा जेजे आणि एका दादांनी ऐकायला दिलेला जुना मुलार्ड असे दोन्ही ऐकले. नाव कळण्याआधी निम्म्याजणी एकीकडे, निम्म्या दुसरीकडे. फरक होता, पण नखाएवढा. एकात आवाज थोडा गुबगुबीत, दुसऱ्यात शब्द थोडे सुटे. शेवटी नातीला वही-पेन घेऊन बसवलं. ज्या व्हॉल्व्हवर तिला शेवटचं कडवं न अडखळता लिहून घेता आलं, तो ठेवला. तो नवा निघाला. जुना परत दिला आणि वाचलेल्या पैशांतून दुसरी सुई आणून ठेवली.

आमचं सांगणं एवढंच, की उबदार आवाज छान, पण तो शब्दांवर पांघरूण घालत असेल तर नको. नुसत्या सनईला किंवा सतारीला तो शोभेल. गाण्यात काय सांगितलंय हे महत्त्वाचं असेल, तिथे आधी शब्द ऐका.

शेवटी जपण्याचं. या प्रीअँपच्या आत अडीचशे-तीनशे व्होल्ट असतात. बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये वीज साठून राहते आणि ती जीव घेऊ शकते. खोका उघडायचं काम कारागिराचं. व्हॉल्व्ह बाहेरून बदलता येत असेल तरी आधी प्लग काढा, अर्धा तास निवू द्या, स्वच्छ फडक्याने धरा, सरळ वर ओढा, पिना वाकवू नका. लाइट कमी-जास्त होत असेल तर स्टॅबिलायझर लावा. आतली तार ६.३ व्होल्टवर तापते, तो दाब फार वर-खाली झाला की व्हॉल्व्हचं आयुष्य घटतं. मुलांना मात्र लांब ठेवा.

आजींची तबकडी आता रोज लावत नाही. एकदा नीट वाजवून तिची गाणी मोबाइलमध्ये भरून घेतली आहेत. सराव त्यावर होतो, आणि तबकडी नव्या पाकिटात उभी ठेवली आहे. १ जानेवारीला ती लागेल. तुमच्याही पेटीत अशी एखादी तबकडी असेल, तर आधी तिची सुई बघा, मैत्रिणींनो.