दवाखान्याचा डेटा: ‘सॉफ्टवेअरवाला बघून घेईल’ हे उत्तर चालणार नाही

ज्यांना भाग ऐकायला जमला नाही, त्यांच्यासाठी हा लिहून काढलेला मजकूर. बोलण्याचा बाज तसाच ठेवलाय, सांभाळून घ्या.

आजचा विषय आहे दवाखाना आणि पेशंटची माहिती. फक्त मोठी हॉस्पिटलं नाही, तर एक डॉक्टर, एक रिसेप्शनिस्ट आणि एक कॉम्प्युटर असलेला कोपऱ्यावरचा दवाखानासुद्धा. मी डॉक्टर नाही, वकीलही नाही. सॉफ्टवेअर लिहितो, त्यामुळे माहिती नेमकी कुठून गळते एवढं सांगू शकतो.

आधी तीन घटना बघू.

पहिली, दिल्लीचं एम्स. २३ नोव्हेंबर २०२२ला तिथल्या सर्व्हरवर रॅन्समवेअरचा हल्ला झाला. पाच सर्व्हर बाधित झाले आणि सुमारे १.३ टेराबाइट डेटा कुलूपबंद झाला. ओपीडीची नोंदणी, रिपोर्ट, बिलं, सगळं कित्येक दिवस कागदावर चाललं. सरकारने संसदेत दिलेलं कारण होतं नेटवर्कचे भाग नीट वेगळे न केलेले असणं. म्हणजे वाड्याचं मुख्य दार फोडलं की आतली एकही खोली बंद नाही. आणि सावरलं कशाने? एक बॅकअप सर्व्हर हल्ल्यातून वाचला होता, त्यावरून ई-हॉस्पिटलचा डेटा परत मिळाला.

दुसरी आपल्या घरची. एक्स-रे, सीटी स्कॅन, एमआरआय यांच्या प्रतिमा ‘पॅक्स’ नावाच्या सर्व्हरवर साठवतात. ग्रीनबोन या जर्मन कंपनीने जगभरातले असे सर्व्हर तपासले आणि २०२०च्या सुरुवातीला भारताची आकडेवारी समोर आली. पासवर्डशिवाय उघड्या पडलेल्या तपासण्यांत महाराष्ट्र देशात पहिला होता, तीन लाखांहून जास्त तपासण्या. इथे कुणी हॅक केलं नव्हतं. दार उघडंच होतं.

तिसरी सगळ्यात वाईट. फेब्रुवारी २०२५मध्ये राजकोटच्या एका प्रसूतिगृहातलं महिलांच्या तपासणीचं सीसीटीव्ही फुटेज इंटरनेटवर विकलं जात असल्याचं उघड झालं. अटक झालेल्यांत महाराष्ट्रातलेही आरोपी होते. बातम्यांनुसार कॅमेऱ्याचा पासवर्ड होता ‘ॲडमिन१२३’. त्या बायकांचं जे नुकसान झालं, ते कुठला बॅकअप भरून काढणार?

आता कायद्याकडे वळू.

आज लागू आहे माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ४३ए आणि त्याखालचे २०११चे नियम. त्यात आजार, तपासण्या, वैद्यकीय इतिहास ही ‘संवेदनशील’ माहिती मानली आहे. निष्काळजीपणामुळे नुकसान झालं तर भरपाई मागता येते. एकट्याच्या मालकीचा व्यवसायही यातून सुटत नाही.

याची जागा घेतोय डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५मध्ये आले. मुख्य जबाबदाऱ्या अधिसूचनेपासून १८ महिन्यांनी, म्हणजे मे २०२७मध्ये लागू होतात. सुरक्षेचे वाजवी उपाय केले नाहीत, तर दंड २५० कोटी रुपयांपर्यंत. आकडा ऐकून घाबरू नका. ती वरची मर्यादा आहे, चूक किती गंभीर होती आणि नुकसान रोखायला तुम्ही काय केलं हे बघून रक्कम ठरते. पण एक खोच लक्षात घ्या: हा दंड सरकारच्या तिजोरीत जातो, पेशंटच्या हातात नाही. आणि नवा कायदा पूर्ण लागू झाला की भरपाई देणारं ४३ए रद्द होतं.

डॉक्टरांसाठी सगळ्यात महत्त्वाचं कलम आठ. पेशंटची माहिती कशासाठी आणि कशी वापरायची हे तुम्ही ठरवता, म्हणून जबाबदार तुम्ही. सॉफ्टवेअर कंपनी फक्त तुमच्या सांगण्यावरून काम करणारी. तिच्याशी करारात काहीही लिहिलेलं असो, कायदा आधी तुम्हालाच विचारणार. माहिती फुटली तर पेशंटना विनाविलंब कळवायचं, डेटा संरक्षण मंडळालाही कळवायचं आणि कळल्यापासून ७२ तासांत मंडळाला सविस्तर माहिती द्यायची.

यापलीकडे काही कायदे खास आजारांसाठी आहेत. गर्भपात केलेल्या स्त्रीचं नाव उघड केलं तर २०२१च्या दुरुस्तीनुसार एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. एचआयव्ही आणि मानसिक आरोग्य यांचे २०१७चे कायदेही गोपनीयता बंधनकारक करतात. तेव्हा ‘केस इंटरेस्टिंग आहे’ म्हणून नावासकट रिपोर्ट व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकताना हात आवरा.

मग लहान दवाखान्याने करायचं काय? पाच कामं सांगतो, बहुतेक फुकट आहेत.

एक, प्रत्येकाचं लॉगिन वेगळं. रिसेप्शनला अपॉइंटमेंट आणि बिल दिसलं की पुरे, निदान कशाला? माणूस नोकरी सोडून गेला की त्याच दिवशी लॉगिन बंद.

दोन, राउटर, कॅमेरे आणि सोनोग्राफी मशीनला जोडलेला कॉम्प्युटर यांचे मूळ पासवर्ड आजच बदला. तपासणीच्या खोलीत कॅमेरा नकोच.

तीन, बॅकअप. आठवड्यातून एकदा हार्ड डिस्कवर, ती एन्क्रिप्ट केलेली, आणि काम झालं की कॉम्प्युटरपासून काढून ठेवलेली. जोडलेली राहिली तर रॅन्समवेअर तिलाही कुलूप लावतं. महिन्यातून एकदा एखादी फाईल त्यातून उघडून बघा.

चार, सॉफ्टवेअरवाल्याला लेखी विचारा: डेटा कुठे असतो, कोण कोण बघू शकतं, कोणी काय उघडलं याची नोंद वर्षभर राहते का, फुटला तर मला किती तासांत कळवाल, आणि मी सोडून गेलो तर माझा डेटा कसा परत देणार? उत्तर टाळलं तर तेच उत्तर समजा.

पाच, लागेल तेवढंच मागा. सर्दीच्या पेशंटच्या आधारची झेरॉक्स कशाला? मात्र ॲडमिट झालेल्यांच्या नोंदी किमान तीन वर्षं ठेवायच्या आणि पेशंटने मागितल्या तर ७२ तासांत द्यायच्या, हा २००२च्या वैद्यकीय आचारसंहितेतला नियम. म्हणून सरसकट डिलीट मारू नका.

शेवटी, पेशंट म्हणून ऐकणाऱ्यांना. ‘माझा रिपोर्ट कोणाच्या नंबरवर पाठवताय?’ हे काउंटरवर विचारायला लाजू नका. डॉक्टरांना आपण जे सांगतो ते कधीकधी घरातही सांगत नाही. ते त्या खोलीतच राहावं, इतकंच.

तुमच्या दवाखान्यात यातलं काय होतं, काय नाही, जरूर कळवा. भेटूया पुढच्या भागात!