वर्दीतला एचआयव्ही

जुलै २००२. ‘ऑपरेशन पराक्रम’मुळे फौजा सीमेवर खड्या होत्या. जम्मूजवळच्या सांबा येथील १७१ लष्करी रुग्णालयात हवाई दलाच्या एका आजारी जवानाला एक पिशवी रक्त चढवले गेले. ते बरे झाले, ड्युटीवर परतले. बारा वर्षांनी, २०१४ मध्ये, पुन्हा आजारी पडले तेव्हा तपासणीत एचआयव्ही निघाला. संसर्ग त्या रक्तातून झाला, असे लष्करी मेडिकल बोर्डानेच नोंदवले. तरीही भरपाईसाठी त्यांना सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागले. २६ सप्टेंबर २०२३ रोजी न्यायालयाने हवाई दल आणि लष्कर या दोघांनाही जबाबदार धरले आणि १ कोटी ५४ लाख ७३ हजार रुपये देण्याचा आदेश दिला.

बारा वर्षे कळलेच कसे नाही, असे कुणालाही वाटेल. पण हा विषाणू असाच वागतो. रक्तातल्या सीडी-४ नावाच्या पेशी तो हळूहळू संपवतो. शरीर नव्या पेशी घडवत राहते आणि वरून माणूस धडधाकट दिसतो. उपचार नसतील तर साधारण दहा वर्षांनी प्रतिकारशक्ती ढासळते. म्हणून लक्षणांची वाट पाहण्यात अर्थ नसतो, चाचणीच करावी लागते.

रक्तदात्याच्या रक्ताची एचआयव्ही चाचणी भारतात १९८९ पासून सक्तीची आहे. एलायझा चाचणी विषाणूविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रतिपिंडे शोधते. ही प्रतिपिंडे तयार व्हायला काही आठवडे लागतात आणि त्या काळात संसर्ग असूनही अहवाल निगेटिव्ह येऊ शकतो. आजच्या चाचण्या विषाणूचे प्रथिन किंवा त्याचा आरएनए थेट पकडतात, त्यामुळे हा काळ बराच आटला आहे. मात्र चाचणी कितीही चांगली असली, तरी ती करणारा प्रशिक्षित माणूस जागेवर हवा आणि तिची नोंद जपलेली हवी. सीमेवरच्या तात्पुरत्या रक्तपेढीत नेमकी हीच बाजू लंगडी पडते.

दुसरे प्रकरण मला याहून जास्त अस्वस्थ करते. लष्करातल्या एका जवानाला एड्स झाल्याचे ठरवून २००१ मध्ये घरी पाठवण्यात आले. त्यांना एचआयव्हीचा संसर्ग होता, पण एड्स नव्हता. रक्ताच्या एका घनमिलिमीटरमधील सीडी-४ पेशी २०० च्या खाली गेल्या किंवा क्षयरोगासारख्या ठरावीक आजारांनी गाठले, की त्या अवस्थेला एड्स म्हणतात. संसर्ग आणि ही अवस्था यांत कित्येक वर्षांचे अंतर असू शकते. निदानातल्या एका चुकीने त्यांची नोकरी गेली, आणि कपाळावर शिक्का बसला तो वेगळाच. मार्च २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना ५० लाख रुपये भरपाई मंजूर केली. मधली बावीस वर्षे कोण परत देणार?

त्या काळी डॉक्टरांच्या हाती फारसे काही नव्हते, हेही खरे. सरकारी केंद्रांतून मोफत एआरटी, म्हणजे विषाणूला रोखणारी औषधयोजना, सुरू झाली ती १ एप्रिल २००४ ला. आज टेनोफोविर, लॅमिवुडिन आणि डोल्युटेग्रॅविर ही तीन औषधे एकाच गोळीत मिळतात. दिवसाला एक गोळी, तीही न चुकता. नियमित उपचारांवर बहुतेकांच्या रक्तातला विषाणू काही महिन्यांत चाचणीत सापडेनासा होतो. असा माणूस लैंगिक संबंधांतून संसर्ग पसरवत नाही. हे ज्या अभ्यासांतून उमगले, त्यांतला ‘एचपीटीएन ०५२’ हा नऊ देशांत, १,७६३ जोडप्यांवर झाला. त्यात आपले पुणेही होते. लवकर उपचारांनी जोडीदाराला होणारा संसर्ग ९६ टक्क्यांनी घटतो, हे २०११ मध्ये या अभ्यासातून जगासमोर आले.

सैन्याच्या अडचणी खोट्या नाहीत. बर्फात अडकलेल्या चौकीवर महिनोन्‌महिने पुरेल इतका गोळ्यांचा साठा लागतो. लढाईत जखमी सोबत्याला रक्त द्यायची वेळ आली, तर एचआयव्ही असलेल्या जवानाला ते देता येणार नाही. विषाणू चाचणीत दिसत नसला तरीही. पण यातून पोस्टिंग कुठे द्यायची एवढेच ठरते. नोकरी काढून घ्यायला हे कारण पुरत नाही. दक्षिण आफ्रिकेच्या सैन्यातली सरसकट बंदी २००८ मध्येच तिथल्या न्यायालयाने घटनाबाह्य ठरवली. विषाणू आटोक्यात असलेल्यांना ब्रिटनच्या सैन्यात २०२२ पासून भरतीही होता येते.

चाचणी केली तर मेडिकल कॅटेगरी खालावेल, बढती अडेल, युनिटभर चर्चा होईल, ही भीती जवानाच्या मनात असेल तर अद्ययावत प्रयोगशाळाही कुचकामी ठरते. त्याचा अहवाल डॉक्टरपुरताच राहिला पाहिजे. संमतीशिवाय चाचणी नको, माहिती गुप्त राहावी, कामावर भेदभाव नको, असे २०१७ चा एचआयव्ही कायदा सांगतो. तो १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे आणि २०२३ च्या निकालात न्यायालयाने त्याच्या अंमलबजावणीसाठी सरकारांना निर्देशही दिले आहेत. लष्करी रुग्णालयांनी हा कायदा कोर्टाची पायरी चढायला न लावता पाळावा.

साताऱ्या-कोल्हापुरात घरटी एक जवान असलेली गावे आहेत. तिथल्या घरांना एवढेच सांगणे: शंका असेल तर चाचणी पुढे ढकलू नका. १०९७ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर मोफत माहिती मिळते, आणि सरकारी एआरटी केंद्रात औषधही मोफत मिळते.