भरलेली पाण्याची बाटली

काळाचौकीतील माझ्या दवाखान्यात काही महिन्यांपूर्वी एक आजोबा दुसरीत शिकणाऱ्या नातीला घेऊन आले. तक्रार पोटदुखीची. दुखणे सकाळी सुरू होई, शाळा बुडाली की थांबे आणि रविवारी मुळीच नसे. लघवीच्या तपासणीत जंतुसंसर्ग आढळला. बोलता बोलता आजोबा म्हणाले, "हिची पाण्याची बाटली रोज भरलेलीच परत येते." मुलीला हळूच विचारले, तेव्हा बऱ्याच वेळाने उत्तर आले, "पाणी प्यायलं की शू लागते. मी आत गेले की त्या मुली बाहेरून कडी लावतात." औषधाने संसर्ग बरा झाला असता, पण कडी तशीच राहिली असती.

मुलांचे प्रत्येक भांडण म्हणजे छळ नव्हे. सकाळी कट्टी आणि संध्याकाळी दोस्ती, हा बालपणाचा नित्यक्रमच आहे. नॉर्वेतील संशोधक डॅन ओल्व्हेउस यांनी १९७०च्या दशकापासून या विषयाचा अभ्यास केला. त्यांनी सांगितलेल्या तीन खुणा आजही उपयोगी पडतात : त्रास जाणूनबुजून दिलेला असतो, तो वारंवार होतो आणि सोसणारे मूल प्रतिकार करू शकत नाही.

या छळाची रूपे अनेक. ढकलणे, चिमटे काढणे, डबा हिसकावणे हे डोळ्यांना दिसते. रंग, जाडी, बोबडे बोल किंवा चष्म्यावरून नावे ठेवणे कानांना कळते. सर्वांत फसवा प्रकार म्हणजे वाळीत टाकणे. खेळात लहानग्याला 'लिंबू-टिंबू' म्हणून सामावून घेणे हा मुलांचा मोठेपणा. पण रोज एकाच मुलावर राज्य देणे, किंवा 'हिच्याशी कुणी बोलायचं नाही' असे सगळ्यांना बजावणे, हा छळच. त्याचा वळ अंगावर उठत नाही.

पाच-सात वर्षांच्या मुलाला हे शब्दांत मांडता येत नाही. त्याचे शरीर बोलते. सकाळची पोटदुखी वा डोकेदुखी, सुटलेले अंथरूण ओले करणे पुन्हा सुरू होणे, झोपेत दचकणे, घरी येताच शौचालयाकडे धावणे, वस्तू सतत हरवणे, न खाल्लेला डबा. अशा वेळी आधी डॉक्टरांकडून तपासणी करून घ्या. दुखणे खोटे आहे असे गृहीत धरू नका. मुलाला शाळेत पोहोचवणारे आणि घरी आल्यावर त्याचे दप्तर उघडणारे बहुधा आपणच असता. म्हणून या खुणा प्रथम आपल्यालाच दिसतात.

"आम्हीही मार खाल्ला, काही बिघडलं नाही" किंवा "तूही एक ठेवून दे", हे सल्ले कृपया टाळा. पहिल्याने मूल गप्प होते; दुसऱ्याने त्याच्या पराभवात भर पडते. "आज कुणाशेजारी बसलास? मधल्या सुट्टीत काय केलंस?" असे साधे प्रश्न विचारा. उत्तर मिळाले की म्हणा, "सांगितलंस ते बरं केलंस. यात तुझी चूक नाही." मग तारखेसह नोंद ठेवा आणि मुलाच्या आईवडिलांसह वर्गशिक्षकांना भेटा, गरज पडल्यास मुख्याध्यापकांना. शाळांमध्ये 'सखी सावित्री' समिती असावी, असा राज्य शासनाचा २०२२चा निर्णय आहे. तिचीही चौकशी करा. त्रास देणाऱ्या मुलाला मात्र रस्त्यात गाठून दरडावू नका. तेही लहानच आहे. मुलांसाठी १०९८ आणि मानसिक आरोग्यासाठी १४४१६ हे दूरध्वनी क्रमांक निःशुल्क आहेत.

आणखी एक, थोडे कटू. आपण घरात लाडाने 'जाड्या', 'काळू' म्हणतो, तेव्हा नावे ठेवण्याचा पहिला धडा आपणच देत असतो. आपले नातवंड सोसणारे असू शकते, तसेच त्रास देणारेही.

त्या मुलीच्या बाई समंजस निघाल्या. मधल्या सुट्टीत शौचालयापाशी शाळेतील मावशी उभ्या राहू लागल्या आणि त्या मुलींशीही बाई शांतपणे बोलल्या. आजोबा परवा रक्तदाब तपासायला आले, तेव्हा स्वतःच्या आकड्याआधी त्यांनी सांगितले, "बाटली आता रिकामी येते."