अपलोड अडकलंय, बॉस!

ऑफिसातलं नेट 'स्लो' आहे, अशी कुरकुर आपण रोजच करतो. पण ते नेमकं अडतं कुठे? केसासारख्या बारीक काचेच्या धाग्याची ही गोष्ट. तुमच्या डेडलाइनशी तिचा थेट संबंध आहे!

शुक्रवार, संध्याकाळचे साडेसहा. अंधेरीतला एक छोटासा पोस्ट प्रॉडक्शन स्टुडिओ. पाच जण एकाच स्क्रीनकडे डोळे लावून उभे. जाहिरातीची फायनल फिल्म तयार आहे, साइज ६ जीबी. क्लायंटला ती साडेसातच्या आत हवीय. अपलोड सुरू झालं आणि पट्टी गोगलगायीसारखी सरकायला लागली. कुणी राउटर बंद-चालू करायला धावलं, कुणी शेजारच्या केबिनमध्ये जाऊन 'ए, तुझा व्हिडिओ बंद कर आधी!' म्हणून ओरडून आलं. साडेसात वाजले तेव्हा पट्टी ७० टक्क्यांवर होती. फोन वाजला. पुढचं काम त्या क्लायंटने दुसऱ्या स्टुडिओला दिलं.

हा स्टुडिओ माझ्या कॉलेजच्या मित्राचा. मी सहज कॉफी प्यायला गेले होते आणि कॉफी तशीच गार झाली.

गणित तसं सोपं आहे. त्यांच्या कनेक्शनचं डाउनलोड १०० एमबीपीएस होतं, त्यामुळे कुणाला कधी शंकाच आली नाही. अपलोड मात्र फक्त १०. आता ६ जीबी म्हणजे ४८ हजार मेगाबिट. दहाच्या वेगाने त्याला ८० मिनिटं लागणार, तीही लाइन दुसऱ्या कुणी वापरली नाही तर. हीच फाइल १०० च्या वेगाने ८ मिनिटांत जाते. बिझनेससाठी मिळणाऱ्या फायबर लीज्ड लाइनचा पहिला फायदा हाच. जेवढा वेग यायला, तेवढाच जायला. आणि गंमत बघा, समुद्राखालून येणाऱ्या इंटरनेटच्या फायबर केबल्स मुंबईत शिरतात त्या वर्सोव्याच्या किनाऱ्यावर, या ऑफिसपासून काही किलोमीटरवर. दर्याकाठी राहून घसा कोरडा, तो असा!

काचेत एवढं आहे काय?

फायबरमध्ये विजेऐवजी प्रकाश धावतो. लांब पल्ल्याच्या फायबरचा प्रकाश वाहणारा गाभा जेमतेम ९ मायक्रॉनचा, वरच्या काचेच्या थरासकट १२५ मायक्रॉन. काच पुरेशी शुद्ध केली तर तिच्यातून संदेश लांबवर पाठवता येतील, हे चार्ल्स काओ यांनी १९६६ मध्ये मांडलं. त्यासाठी त्यांना २००९ मध्ये भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. 'फायबर ऑप्टिक्स' हे नाव रूढ करणारे नरिंदर सिंग कपानी तर आपल्या पंजाबातल्या मोग्याचे.

एक गैरसमज मात्र काढून टाका. प्रकाश म्हणून फायबर विजेपेक्षा कितीतरी पट जोरात पळतं, असं नाही. काचेत प्रकाशाचा वेग सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर आणि तांब्याच्या तारेतला संदेशही त्याच्याच आसपास पळतो. फरक पडतो तो एकाच वेळी किती माहिती जाते आणि न थकता किती लांब जाते, यात. ऑफिसातली नेहमीची तांब्याची लॅन केबल १०० मीटरपर्यंतच चालवायची असते. फायबरवर १० गिगाबिटचा वेग १० किलोमीटरपर्यंत आरामात नेता येतो. शिवाय काचेतून वीज वाहत नाही. बाजूला लिफ्टची मोटर घरघरत असो की जनरेटर, फायबरला त्याचा त्रास नाही. पावसाळ्यात वीज कडाडली तरी काचेच्या धाग्यातून झटका येऊन स्विच जळत नाही.

शेवटचे शंभर मीटर

मित्राने हात पोळल्यावर महिन्याभरात फायबर लाइन घेतली. पेढे वाटले. आणि पुढच्याच आठवड्यात अपलोड पुन्हा अडकलं!

नेटवर्कवाल्या मुलाने तासभर शोधाशोध केली तेव्हा उलगडा झाला. फायबर बिल्डिंगच्या तळघरापर्यंतच आलं होतं. तिथून पाचव्या मजल्यापर्यंत कुणे एके काळी टाकलेली तांब्याची केबल, लिफ्टच्या वायरींना खेटून, वळसे घेत शंभर मीटरच्या वर गेलेली. म्हणजे हायवे आठ पदरी आणि घराकडे जाणारी गल्ली स्कूटरपुरती. शेवटी तळघरापासून वरच्या मुख्य स्विचपर्यंतही फायबर टाकलं, तेव्हा कुठे सगळ्यांचा जीव भांड्यात पडला.

म्हणून प्रत्येक टेबलापर्यंत फायबर हवं का? अजिबात नाही. टेबलापर्यंतच्या थोड्या अंतराला तांब्याची चांगली केबल पुरते. वायफायचा डबा किंवा सीसीटीव्ही कॅमेरा यांना त्याच केबलमधून वीजही देता येते, जे काचेला जमत नाही. फायबर हवं ते मजल्या-मजल्यांमध्ये, दोन इमारतींमध्ये आणि बाहेरच्या लाइनला.

जेसीबी आला तर?

फायबरचा शत्रू म्हणजे खोदकाम. रस्त्यावर जेसीबीचा एक घाव बसला की अख्ख्या बिल्डिंगचं नेट गुल. मग कारागीर येणार, धाग्याची टोकं मशीनमध्ये वितळवून जोडणार आणि तोवर तुम्ही मोबाइलच्या हॉटस्पॉटवर. मोठ्या जाळ्यांचीही यातून सुटका नाही. जानेवारी २००८ च्या अखेरीस इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियाजवळ समुद्रातल्या दोन केबल्स तुटल्या, तर त्याचा फटका पार भारतातल्या इंटरनेटला बसला. उपाय एकच, दुसरी लाइन. पण ती दुसऱ्या वाटेने आलेली हवी. दोन कंपन्यांच्या लाइन्स एकाच चरातून आल्या असतील तर एकच जेसीबी दोन्ही तोडणार!

सोमवारी हे विचारा!

* आपलं अपलोड किती? डाउनलोडचा आकडा सांगून कटवू देऊ नका.
* फायबर नक्की कुठपर्यंत आलंय? तळघरापर्यंत, मजल्यापर्यंत की मुख्य स्विचपर्यंत?
* लाइन बंद पडली तर किती तासांत दुरुस्त होईल? हे करारात लिहिलंय का?
* दुसरी लाइन आहे का? ती वेगळ्या रस्त्याने येते का?

'हे मालकांनी बघावं, मी साधा एक्झिक्युटिव्ह' असं म्हणून सोडून देऊ नका. अपलोडच्या पट्टीकडे बघत रात्री नऊपर्यंत बसणार तुम्हीच आहात.

गेल्या शुक्रवारी पुन्हा त्या स्टुडिओत गेले होते. ५ जीबीची फाइल बघता बघता निघून गेली आणि सात वाजता सगळे लिफ्टपाशी. मित्र मात्र फोन हातात घेऊन क्षणभर थांबला. तो जुना क्लायंट अजून परतलेला नाही.