'तुला काय येतं?'

गेल्या महिन्यातली गोष्ट. संध्याकाळी ओट्यावर वर्तमानपत्र चाळत बसलो होतो. गल्लीतला एक मुलगा आला. एकोणीस वर्षांचा, बारावी झालेला. "सर, परवा मुलाखत आहे. हायवेवरच्या हॉटेलात, वेटरची जागा आहे," एवढे बोलून तो खाली बघू लागला. पाठोपाठ त्याची आई आली. "सर, तुम्हीच सांगा याला. बारावीपर्यंत शिकवलं ते हॉटेलात पोऱ्या व्हायला का?"

त्या माउलीचा राग मला समजत होता. माझ्या लहानपणी मुंबई-आग्रा रस्त्यावरच्या हॉटेलांतून हा पोऱ्या हमखास दिसे. दहा-बारा वर्षांचे वय, खांद्यावर कळकट फडके. त्याचे नाव कुणी विचारत नसे. चौदा वर्षांखालच्या मुलांना हॉटेल-ढाब्यांवर राबवण्यास बंदी आली ती १० ऑक्टोबर २००६ पासून. कायद्याने पोऱ्याला मनाई केली, पण आपल्या मनातला तो शब्द काही गेला नाही. वेटरचे काम म्हटले की आजही आईबापांच्या डोळ्यांपुढे तोच उभा राहतो.

मी मुलाला समोर बसवले आणि मालकाच्या थाटात विचारले, "तुला काय येतं?"

"काही नाही, सर."

"आधी कुठं काम केलंय?"

"नाही, सर."

हे ऐकून मला हसू आले आणि वाईटही वाटले. या मुलाने टोमॅटोचे तीन हंगाम पाहिलेले. माल निवडायचा, वीस-वीस किलोचे क्रेट भरायचे, बाजार समितीत नेऊन हिशेब चुकता करायचा, हे सारे त्याने केलेले. गेल्या उन्हाळ्यात द्राक्षांच्या पॅकहाउसमध्ये होता. तिथे नखे कापलेली, डोक्याला टोपी, हात धुतल्याशिवाय मालाला स्पर्श नाही. स्वयंपाकघराला हवी असलेली शिस्त याहून वेगळी ती कोणती? पण घरच्या आणि शेतातल्या कामाला आपण काम म्हणतच नाही. मग मुलगाही 'काही येत नाही' असेच सांगणार.

दुसऱ्या दिवशी आमच्या ओसरीत रंगीत तालीम झाली. मी गिऱ्हाईक, तो वेटर. पहिल्याच फेरीत चार पेले आणले, चारही बोटे पाण्यात! पेला खालून धरायचा, हे सांगितले. मग मी ऑर्डर दिली. दोन शेवभाज्या, त्यातली एक कमी तिखट, आणि एक पिठले कांदा-लसूण न घालता. त्याने मान डोलावली आणि आत जाऊन सगळे विसरला. म्हटले, "लिहून घे आणि गिऱ्हाइकाला परत वाचून दाखव." आमचे गाव कांद्याचे, पण याच रस्त्याने कांदा न खाणारेही जातात. त्यांच्या ताटातला कांदा वेचून काढून चालत नाही, आधीच आत सांगावे लागते. कुणी शेंगदाणे चालत नाहीत म्हणाले तर अंदाजाने 'नाहीत' म्हणू नये, आचाऱ्याला विचारून यावे. 'माहीत नाही, विचारून सांगतो' हे वाक्य त्याच्याकडून मी पाच वेळा म्हणवून घेतले. या वाक्यात कमीपणा नाही, हे त्याला पटायला मात्र वेळ लागला.

इंग्रजीची त्याला मोठी धास्ती. मी सांगितले, पाठ केलेली चार वाक्ये पाचव्या प्रश्नाला उघडी पडतात. त्यापेक्षा हॉटेलचा मेनू आधी वाचून जा.

शेवटचा धडा विचारण्याचा. पगार किती, कोणत्या तारखेला, रात्रपाळीनंतर घरी यायचे कसे, हे अदबीने पण स्पष्ट विचारायचे. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात आठवड्याची सुट्टी आहे, जादा तासांना दुप्पट दराने मोबदला आहे. पण लहान हॉटेलांना त्यातली बरीच कलमे लागू होत नाहीत. म्हणूनच आधी विचारलेले बरे. अन्न हाताळणाऱ्यांची वर्षातून एकदा वैद्यकीय तपासणी व्हावी, असा अन्नसुरक्षेचा नियम आहे; ती कोण करून देणार, हेही विचारावे. आपल्याकडे नोकरी मागणारा हात जोडून उभा राहतो आणि प्रश्न विचारणारा आगाऊ ठरतो. पण ज्याला काय विचारायचे ते कळते, त्याला कामही कळेल, हे जाणता मालक ओळखतो.

मुलाखतीच्या दिवशी दुपारी तो थेट ओट्यावरच आला. कामावर घेतले होते.

"काय विचारलं?"

"काय येतं म्हणून विचारलं. टोमॅटोचं सांगितलं, पॅकहाउसचं सांगितलं. एका प्रश्नाला 'माहीत नाही, विचारून सांगतो' म्हणालो. ते हसले."

"सुट्टीचं विचारलंस?"

"विचारलं. सोमवार."

त्याची आई दारात उभी राहून ऐकत होती. तिने हळूच विचारले, "नाव विचारलं का रे तुझं?"

"हो आई," तो म्हणाला, "पहिला प्रश्न तोच होता."